सीबीआर किती आला?

महाराष्ट्रात सायन्सला गेलेल्या माणसाला विसाव्या वर्षी विचारा नाहीतर साठाव्या, हा प्रश्न त्याला लगेच ओळखू येतो. केमिस्ट्रीची लॅब, ब्युरेटींची रांग, सर दुसऱ्या टोकाला, आणि मागच्या टेबलावरून दबका आवाज, ‘‘ए, सीबीआर किती आला?’’ पलीकडून उत्तर येतं, ‘‘नऊ आठ.’’ म्हणजे ९.८. हे उत्तर टेबलावरून टेबलावर सरकत जातं आणि अर्ध्या तासात सगळ्या जर्नलांत, तिन्ही रकान्यांत, तोच आकडा बसतो : ९.८, ९.८, ९.८. पायलट रीडिंगच्या जागी ‘९ ते १०’ असं मोघम आधीच लिहिलेलं असतं. खाली कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजेच सीबीआर, ९.८. चौकट आखायची, सही घ्यायची, कॅन्टीन गाठायचं.

पन्नास मिलिलिटरच्या ब्युरेटीवर सगळ्यात लहान घर ०.१ मिलिलिटरचं असतं आणि ब्युरेटीतून पडणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. सोळा वर्षांच्या पोराने आयुष्यात पहिल्यांदाच टायट्रेशन करावं आणि ओळीने तीनदा तोच आकडा काढावा, असा हात वर्गात एखाद्याचा असेलही. सगळ्या वर्गाचा नसतो. जर्नल तपासणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, कारण त्यानेही आपल्या वेळी तेच केलेलं असतं.

या लेखासाठी मला असं ठिकाण बघायचं होतं, जिथे सीबीआर शेजाऱ्याला विचारून उपयोग होत नाही. ते सापडलं सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशाच्या बाजूच्या एका ज्युनिअर कॉलेजात. नाव छापायचं नाही ही सरांचीच अट. ‘‘नाव आलं की पुढच्या बॅचला युक्ती कळली,’’ ते म्हणाले. सर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे एम.एस्सी. आहेत. मास्तरकीला लागण्याआधी काही वर्षं एका एम.आय.डी.सी.तल्या रासायनिक कंपनीच्या क्यू.सी.मध्ये होते. तिथे टायट्रेशनवर माल पास व्हायचा किंवा अडायचा. कॉलेजात आले तेव्हा पहिल्याच बॅचच्या जर्नलांत ९.८ची रांग बघून ते चक्रावले. त्यांनी आरडाओरडा केला नाही, बाटल्या बदलल्या.

युक्ती अगदी साधी आहे. कॉनिकल फ्लास्कमध्ये पिपेटने घ्यायचं ऑक्झॅलिक ॲसिड सगळ्यांना एकाच ताकदीचं. ब्युरेटीत भरायच्या कॉस्टिक सोड्याच्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडच्या, मात्र तीन बाटल्या : अ, ब आणि क. तिन्ही दिसायला पाण्यासारख्या, ताकद वेगवेगळी. एका टेबलावर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन जोड्यांना एकच बाटली कधी मिळत नाही. कुठल्या बाटलीचं उत्तर काय, हे कॉलेजात दोघांनाच माहीत असतं, सरांना आणि मामांना.

मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. तीस वर्षांहून जास्त सेवा झालेली. स्वतः दहावीपर्यंत शिकलेले, पण कुठल्या कपाटात कुठली बाटली आणि कुठल्या ब्युरेटीची तोटी गळते, हे डोळे मिटून सांगतात. प्रॅक्टिकलची खरी केमिस्ट्री आदल्या संध्याकाळी होते आणि ती बहुतेक महाराष्ट्रात असे मामाच करतात. पोरांसमोर येतात त्या नुसत्या लेबलं लावलेल्या बाटल्या. द्रावण बनवताना काय काय बिघडू शकतं, हे पोरांना कधी दिसतच नाही. म्हणून मी संध्याकाळपासूनच थांबलो.

ऑगस्ट महिना होता, बाहेर भुरभुर चालू. मामांनी पहिल्यांदा ऑक्झॅलिक ॲसिड काढलं. पांढरे, साखरेसारखे खडे. प्रत्येक रेणूबरोबर दोन रेणू पाणी धरून बसलेलं हे ॲसिड, त्याचा रेणुभार १२६. एक लिटरला ६.३० ग्रॅम घेतलं की ०.०५ मोलर द्रावण होतं. मामांनी वॉच ग्लास काट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि चमच्याच्या टोकाने खडे टाकत गेले. ६.२८. मग चमच्याच्या दांड्यावर बोटाने टिचकी, दोन कण पडले, ६.३०. आकडा तिथेच थांबला. ‘‘ह्यो शब्दाचा पक्का,’’ मामा म्हणाले. ‘‘हवेतनं कायबी घेत न्हाई. आता त्याला बगा.’’

‘त्याला’ म्हणजे कॉस्टिकला. प्लास्टिकच्या डब्याचं झाकण उघडून त्यांनी पांढरे चपटे दाणे वॉच ग्लासवर घेतले आणि झाकण लगेच फिरवून घट्ट केलं. मी काट्याकडे बघत होतो. दाणे टाकायचं थांबलं तरी शेवटचा आकडा स्वस्थ बसेना, हळूहळू वर चढत होता. दाणे वरून चकाकायला लागले, बघता बघता घामेजले. पावसाळी हवेतली ओल ते खेचून घेत होते, आणि ओलीबरोबर कार्बन डायऑक्साइडही. म्हणजे काटा चार ग्रॅम म्हणतो त्यात कॉस्टिक किती, पाणी किती आणि सोडियम कार्बोनेट किती, हे देव जाणे. कॉस्टिकची ताकद वजनावरून ठरवता येत नाही ती यासाठी. ती ऑक्झॅलिकला विचारून ठरवायची. अकरावीच्या या प्रयोगाचं सगळं प्रयोजन काट्यावरच्या या दोन आकड्यांत आहे, एक थांबणारा आणि एक न थांबणारा. पोरांना हे दोन मिनिटं दाखवलं तरी पुरे. सर दाखवतात. बाकी ठिकाणी ‘प्रायमरी स्टँडर्ड म्हणजे काय’ हा व्हायव्हाचा प्रश्न म्हणून पाठ होतो.

कॉस्टिक पाण्यात पडला की बीकर तापतो. मामा बीकर बादलीतल्या पाण्यात ठेवून काचेच्या कांडीने ढवळत होते आणि बोलत होते. पाण्याची गोष्ट त्यांनीच काढली. एका दुष्काळी वर्षी कॉलेजचं डिस्टिलेशन बंद होतं आणि कुणीतरी बोअरच्या पाण्यात ऑक्झॅलिक बनवलं. द्रावण पांढुरकं, गढूळ झालं. पोरांची रीडिंगं एकदम खाली, आणि कारण कुणाला कळेना. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट असतं. ऑक्झॅलिक त्याला भेटलं की कॅल्शियम ऑक्झलेट तयार होतं, जे पाण्यात विरघळत नाही. मुतखड्यात बहुतेक वेळा सापडतं ते हेच. जेवढं ॲसिड त्यात गेलं तेवढं टायट्रेशनला उरलं नाही. ‘‘तवाधरनं मी पाणी आदी उकळतो. डिस्टिल्ड असलं तरी उकळतो,’’ मामा म्हणाले. हे उकळणंही बरोबरच आहे. डिस्टिल्ड पाणी उघडं राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होतं, आणि फिनॉल्फ्थॅलिन तेवढ्यालाही दाद देतं.

फिनॉल्फ्थॅलिनची बाटली छोटी आणि जुनी. हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ साली पहिल्यांदा बनवलं. पुढे कित्येक दशकं ते जुलाबाच्या गोळ्यांतही जात असे. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून आधी स्पिरिट आणि मग पाणी. पीएच साधारण ८.२ च्या खाली रंगहीन, १० पर्यंत जाताना गुलाबी. गंमत अशी की कॉस्टिक फारच कडक असला तर हा गुलाबी रंग पुन्हा उडून जातो. सर हे मुद्दाम एका टेस्टट्यूबमध्ये करून दाखवतात, कारण ‘अल्क म्हणजे गुलाबी’ एवढंच डोक्यात बसलेली पोरं मग गप्प होतात. आपल्याकडचा दर्शक तर घरातच असतो. लग्नात हळदीचा डाग पडलेला पांढरा सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो, आणि हळदीत चुना घातला की कुंकवाचा रंग येतो, हे कुठल्याही आजीला माहीत आहे. फिनॉल्फ्थॅलिनचं कौतुक एवढंच की ते ऑक्झॅलिक संपल्यावर नेमकं त्याच थेंबाला बोलतं. हळद जरा रेंगाळते.

अंधार पडता पडता मामांनी स्वतः टायट्रेशन केलं. तिन्ही बाटल्यांचं. मी एवढं सावकाश टायट्रेशन कधी बघितलेलं नाही. नऊ मिलिलिटरपर्यंत धार सोडली, मग थेंब, मग अर्धा थेंब : तोटीच्या टोकाला लोंबणारा थेंब फ्लास्कच्या काचेला टेकवून घ्यायचा आणि वॉश बॉटलच्या बारीक पिचकारीने आत ढकलायचा. फ्लास्कखाली बाथरूमची उरलेली पांढरी फरशी. गुलाबी छटा आली की मामा तोंडाने आकडे मोजतात, तीसपर्यंत. छटा टिकली तर एंड पॉइंट. सरांनी डायरीत लिहिलं : अ ९.८, ब १०.७, क ९.३. हिशेबाने अची ताकद ०.१०२ मोलर, बची ०.०९३ च्या वर, कची ०.१०७ च्या पुढे. अच्या बाटलीचं उत्तर ९.८ च ठेवायचं हा सरांचा हट्ट. ‘‘बाहेर जे चाललंय ते इथेही थोडं चालू द्यायचं. पकडायला सोपं जातं.’’

इथे थोडं मागे जायला हवं, कारण शेजाऱ्यावर विश्वास ठेवून रीडिंग लिहिण्याच्या या रिवाजाला टायट्रेशनचा इतिहास उलटा पडतो. ही पद्धत प्रयोगशाळेत जन्माला आलीच नाही, ती बाजारात जन्मली, आणि गिऱ्हाइकाच्या संशयातून जन्मली. अठराव्या शतकात युरोपात कापड धुवायला आणि पांढरं करायला राखेतून काढलेला पोटॅश लागायचा, आणि व्यापारी त्यात काहीबाही मिसळायचे. माल दिसायला सारखाच. १७२९ साली फ्रान्समधल्या जोफ्रुआने व्हिनेगरची ताकद पोटॅशची पूड टाकत, फसफस थांबेपर्यंत मोजली. १७५६ साली स्कॉटलंडच्या फ्रान्सिस होमने उलट केलं. कापडवाल्यांच्या पोटॅशमध्ये नायट्रिक ॲसिड चमच्या-चमच्याने घालत गेला आणि फसफस थांबेपर्यंत किती चमचे लागले ते मोजले. १७६७ साली विल्यम लुईसने अमेरिकेतून येणारा पोटॅश तपासताना फसफशीचा नाद सोडून लिटमसच्या रंगावर भरवसा ठेवला. मग फ्रान्समध्ये, रुआँ या कापडाच्या गावी, देक्रोआझी याने ब्लीचिंगचं द्रावण तपासायला खुणा केलेली काचेची नळी वापरली. गे-ल्युसॅकने १८२४ च्या सुमारास ब्युरेट आणि पिपेटला आज चालतात ती नावं दिली. कार्ल फ्रीडरिश मोहर या कोब्लेन्झच्या औषधविक्याने १८५५ साली टायट्रेशनवरचं पहिलं भरभक्कम पाठ्यपुस्तक लिहिलं आणि ब्युरेटीच्या खालच्या तोंडाला रबरी नळी आणि चिमटा बसवला.

हा चिमटा मामांच्या लॅबमध्ये आजही आहे. काचेच्या तोटीच्या ब्युरेटीत कॉस्टिक रात्रभर राहिला की तोटी काचेतच चिकटून बसते, मग गरम पाणी घाला नाहीतर नवस बोला. कॉस्टिक काचेला हळूहळू खातो. त्यामुळे अंबाल्याहून आलेल्या जुन्या ब्युरेटींपैकी ज्यांच्या तोट्या अशा गेल्या, त्या मामांनी कापून, खाली रबरी नळी जोडून, पिंचकॉक लावून पुन्हा उभ्या केल्या आहेत. टेफ्लॉनच्या तोटीच्या नव्या ब्युरेटी चार आहेत. त्या परीक्षेला एक्स्टर्नल येणार असतील तेव्हा निघतात.

इतिहासाचं हे पाल्हाळ सरांच्या लेक्चरमध्ये पाच मिनिटांत होतं आणि शेवटी ते एकच वाक्य ठेवतात : दुसऱ्याचा शब्द घ्यावा लागू नये म्हणून ही गोष्ट शोधली गेली. आपण मात्र ती दुसऱ्याचा शब्द घेऊनच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरावीची बॅच. दोघादोघांच्या जोड्या, पांढरे ॲप्रन, बऱ्याच जणांचे दादा-ताईचे जुने, बाह्या दुमडलेले. आदल्या आठवड्यात पोरांनी स्वतः अडीचशे मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिकचं द्रावण बनवायचा सराव केला होता. त्या दिवशीचा एक किस्सा मामांनी रंगवून सांगितला. एका मुलीचं पाणी खुणेच्या वर गेलं. तिने हुशारीने ड्रॉपरने वरचं थोडं काढून टाकलं आणि खुणेवर आणून ठेवलं. मामा मागे उभे होते. ‘‘बाळा, काढलंस त्यात नुसतं पाणीच गेलं व्हय? ॲसिडबी गेलं की.’’ मुलीने क्षणभर फ्लास्ककडे बघितलं आणि सगळं सिंकमध्ये ओतून पुन्हा वजनाला गेली. तिला कुणी ओरडलं नव्हतं.

प्रॅक्टिकल सुरू झालं की पहिली वीस मिनिटं नुसता गोंधळ. कशाला कशाने विसळायचं, हे चुकायचंच. ब्युरेट कॉस्टिकने विसळायची, पिपेट ऑक्झॅलिकने, आणि कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड पाण्याने. एका जोडीने शहाणपणा करून फ्लास्कही ऑक्झॅलिकने विसळला. भिंतींना चिकटून राहिलेलं ॲसिड दहा मिलिलिटरच्या वर मोजलं गेलं आणि रीडिंग दर वेळी वेगळं यायला लागलं. सर बघत होते, पण बोलले नाहीत. ‘‘तीन वेगळी रीडिंगं येऊ देत. मग तेच विचारतील.’’ झालंही तसंच. पण सगळ्यांच्या बाबतीत मास्तराला एवढी कळ काढता येत नाही. पिपेट तोंडाने ओढणाऱ्याला त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. रबरी बल्ब थोडेच आहेत, तरी रांग लावायची पण तोंड लावायचं नाही. ऑक्झॅलिक विषारी आहे, आणि जुन्या पिढीतले मास्तर स्वतःच तोंडाने ओढायचे म्हणून ते कमी विषारी होत नाही.

पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून काढायची तर प्रत्येकालाच खाज. तो थेंब आत राहणार हे धरूनच पिपेटवर दहाची खूण केलेली असते. फुंकलात तर दहाच्या वर गेलं. ब्युरेटीच्या टोकात अडकलेला हवेचा बुडबुडा काढायचा राहून गेला, तर तो मधेच निघतो आणि तेवढी जागा द्रावण भरून काढतं, रीडिंग फुगतं. वर नरसाळं तसंच ठेवलं, तर त्यातून एखादा थेंब पडून रीडिंग उतरतं. डोळा पातळीच्या वर असला की एक, खाली असला की दुसरं. या सगळ्या चुका एकाच वर्गात, एकाच तासात, वेगवेगळ्या दिशांनी होत असतात. तरी सगळ्यांचं ९.८ यायचं तर ती रसायनशास्त्राची करामत म्हणता येणार नाही.

खिडकीजवळच्या एका मुलाचा गुलाबी रंग टिकेना. रंग आला, त्याने रीडिंग लिहायला पेन उचललं, मिनिटाभरात रंग गेला. त्याने आणखी एक थेंब टाकला, आला, गेला. पुन्हा एक. त्याची बाटली अ होती आणि तो १०.२ वर पोचला होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात शिरून गुलाबी रंग खात होता आणि हा त्याला थेंब थेंब कॉस्टिक चारत होता. सरांनी त्याला एवढंच विचारलं, ‘‘किती वेळ टिकायला पाहिजे?’’ ‘‘कायमचा, सर.’’ वर्ग हसला. तीस सेकंद टिकला की पुरे, हे त्याला त्या दिवशी कळलं. पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं, पण हसं झाल्याशिवाय लक्षात राहत नाही.

या वर्गातली निम्मी पोरं सकाळी सातला क्लासला जातात. जेईई, नीट, सी.ई.टी. या तिन्हींत ब्युरेट हातात धरावी लागत नाही. जेईई मेन आणि नीटच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वं हा भाग आहे, टायट्रेशनही त्यात आहे, पण तिथे मेथिल ऑरेंजचा रंग चार पर्यायांतून ओळखायचा. बोर्डाच्या बारावीत केमिस्ट्रीचे ७० मार्क लेखी आणि ३० प्रॅक्टिकलचे. ते तीस बहुतेकांना पुरेपूर मिळतात. मोठ्या शहरांत तर कॉलेजात नाव घालायचं आणि दोन वर्षं क्लासमध्येच बसायचं, असं ‘इंटिग्रेटेड’ प्रकरण एवढं वाढलं की २०१८ साली सरकारला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा हजर झाला. हातात ब्युरेट आली की नाही, हे कुठलं यंत्र मोजणार? पालकांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. जिथे एका मार्काला रँक हलते आणि तो मार्क प्रयोगाने मिळत नाही, तिथे पोरगं प्रयोगावर सकाळ का घालवेल? मला राग येतो तो शंभर टक्के प्रॅक्टिकल मार्कांच्या त्या शांत कराराचा. नापास कुणालाच करायचं नसेल तर करू नका, पण खोटं रीडिंग लिहायला शिकवण्यासाठी सरकारी खर्चाने लॅब कशाला बांधायची?

तास संपायच्या बेताला सरांनी जर्नलं गोळा केली नाहीत, कच्च्या वह्या गोळा केल्या. ही दुसरी युक्ती. कच्च्या वहीत खोडरबर चालत नाही, आकडा चुकला तर आडवी रेघ मारून शेजारी लिहायचा. अ बाटलीवाल्यांची उत्तरं ९.६ पासून १०.२ पर्यंत. क बाटलीवाल्यांत दोन जोड्यांचं ९.३ आणि ९.४, एका जोडीचं साफ चुकलेलं. सर खूश होते. चुकलेल्या आकड्यांवर एवढा खूश झालेला मास्तर मी पहिल्यांदा बघितला.

मग ब बाटलीवरच्या दोघी मुलींची वही आली. तीन रीडिंगं : ९.८, ९.८, ९.८. सरांनी वही उजेडाकडे तिरकी धरली. नियम मोडून रबर वापरलेलं होतं आणि खालचा शिसपेन्सिलीचा दाब कागदावर तसाच होता. १०.८. १०.७. १०.७.

‘‘हे खोडलं कुणी?’’

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक म्हणाली, ‘‘सर, समोरच्यांचं नऊ आठ आलं. आम्हाला वाटलं आमचंच चुकलं.’’

खोडलेलं उत्तर बिनचूक होतं. मामांनी आदल्या रात्री, तीस वर्षांच्या हाताने, फरशी खाली ठेवून काढलेला आकडा या दोघींनी पहिल्याच प्रयोगात गाठला होता, आणि समोरच्या टेबलावरच्या पोरांचं ऐकून खोडून टाकला होता. सरांनी डायरी उघडून ब बाटलीसमोरचा आकडा त्यांना दाखवला. मुली काही बोलल्या नाहीत. मामा मात्र मागून म्हणाले, ‘‘घ्या! माज्यासारकंच आलंय की पोरींचं.’’ सरांनी त्यांचे रबराचे मार्क कापले आणि रीडिंगचे पूर्ण दिले. मला तो हिशेब पटला.

संध्याकाळी सरांनी मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेलं. तालुक्याच्या रस्त्यावर दुधाचं चिलिंग सेंटर आहे, तिथल्या छोट्या लॅबमध्ये तो केमिस्ट आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री, वय पंचविशीच्या आसपास. गावोगावच्या संस्थांचे कॅन टेम्पोतून उतरत होते आणि हा दर नमुन्यावर तेच टायट्रेशन करत होता जे अकरावीत केलं होतं. दहा मिलिलिटर दूध, तेवढंच पाणी, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, ब्युरेटीत ०.१ नॉर्मल कॉस्टिक. जेवढे मिलिलिटर लागतील त्याला ०.०९ ने गुणलं की लॅक्टिक ॲसिडच्या हिशेबात टक्केवारी मिळते. ताज्या दुधालाही दीडेक मिलिलिटर लागतो, म्हणजे ०.१३५ टक्के. त्यात लॅक्टिक ॲसिड जवळपास नसतंच, तो दुधातल्या केसीनचा आणि फॉस्फेटांचा आंबटपणा. दूध उन्हात राहिलं, जिवाणू वाढले की खरं लॅक्टिक ॲसिड चढायला लागतं. पांढऱ्या दुधात फिकट गुलाबी ओळखायचं म्हणजे पाण्यापेक्षा अवघड. तो शेजारी बिनटायट्रेशनच्या दुधाचा फ्लास्क ठेवून दोन्ही रंग ताडून बघत होता.

या लॅबमध्ये सीबीआर विचारायला शेजारी कुणी नाही. उलट इथे ब्युरेटीलाच फसवायला बघणारे भेटतात. दूध आंबट होतंय असं वाटलं की कुणी त्यात चिमूटभर सोडा टाकतो. ॲसिड मारलं जातं, ब्युरेट खुशाल दीड दाखवते. म्हणून संशय आला की केमिस्ट रोझोलिक ॲसिडचा थेंब टाकतो. चांगलं दूध तपकिरीसर राहतं, सोडा घातलेलं गुलाबी-लाल होतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी लॅबमध्ये शिकलेलं कशाला लागतं, असं मी विचारायच्या आतच त्याने हे दोन फ्लास्क पुढे करून दाखवले होते.

आम्ही तिथे असताना एका संस्थेच्या कॅनचं रीडिंग १.९ आलं. ०.१७ टक्क्यांच्या वर. टेम्पोबरोबर आलेला संस्थेचा माणूस खिडकीतून आत बघत होता. रस्त्यात टायर पंक्चर झालं, दूध उन्हात थांबलं, सकाळचं चांगलंच होतं, असं सांगत होता, आणि खरंच सांगत असावा. ‘‘परत बघा की साहेब एकदा,’’ तो म्हणाला. केमिस्टने फ्लास्क धुतला, कॅन पुन्हा ढवळून नवा नमुना घेतला, ब्युरेट शून्यावर आणली. या वेळी तो शेवटच्या दोन थेंबांना जास्तच सावकाश गेला. १.८.

वहीत दोन्ही लिहिले, १.९ आणि १.८. मग त्याने थोडं दूध टेस्टट्यूबमध्ये घेऊन उकळत्या पाण्यात धरलं. दूध फाटलं. कॅन बाजूला काढायला त्याने हमालाला हाक मारली आणि पुढचा नमुना पिपेटमध्ये घेतला.